चाक डुगडुगतंय? मग गप्प बसू नका!

सकाळी जिंतूरच्या रस्त्यावर नजर टाका. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, बँकेत-दवाखान्यात कामाला निघालेल्या कितीतरी जणी स्कूटीवर दिसतील. पुण्याच्या किनेटिकने १९८४ साली जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि पुढे बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी गाडी आली. गाडी बायकांच्या हाती आली; दुरुस्ती मात्र अजून ‘ह्यांना वेळ मिळेल तेव्हा’!

बाकी दुखण्यांचं एक वेळ ठीक आहे. पण मागचं चाक डुगडुगत असताना ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणणं धोक्याचंच. मागे लेकरू बसलेलं असतं आणि येलदरीच्या रस्त्याला शेजारून ट्रक जात असतो.

थोडी पारख आपणही करू शकतो. जागेवरून निघताना गाडी थरथरते आणि मग शांत होते? तर दोष बहुधा आतल्या पट्ट्यात किंवा क्लचमध्ये असतो. पण चालताना मागची बाजू झुलत असेल, तर चाक बघा. गाडी बंद करून मेन स्टँडवर लावा, सायलेन्सर गार होऊ द्या. चाक वरून-खालून धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर नट ढिला, हब झिजलेला किंवा बेअरिंग गेलेलं असू शकतं. हाताने फिरवताना कडा लपलपली तर रिम वाकलेली किंवा टायर नीट न बसलेला. चाक ठीक असूनही मागून हेलकावे येत असतील, तर इंजिनाचे बुश तपासायला सांगा.

बऱ्याच बिनगिअर गाड्यांचं मागचं चाक दातेरी शाफ्टवर एका मोठ्या नटाने बसवलेलं असतं. नट ढिला राहिला की हबचे दाते झिजतात. मग नुसतं आवळून भागत नाही. हब बदलावा लागतो. नटही अंदाजाने नाही, कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळायचा. पट्ट्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचं चाक काढलं असेल, तर पट्ट्याचा ताण आणि सरळ रेषाही तपासून घ्यायची.

मेकॅनिक म्हणेल, ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं.’ आपण शांतपणे म्हणायचं, ‘झिजलेला भाग काढून दाखवा, दादा.’ यात कसला आला संकोच? पैसे आपण मोजतो, जीवही आपलाच असतो. गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये आहे, तर गॅरेजची वाटही आपल्या पायाखालची हवी.