दहावी नापासांचे परराष्ट्र धोरण

राजदूतांशी संवाद हा कार्यक्रम विद्यापीठांत आता रुळला आहे. परराष्ट्र मंत्रालय स्वतः निवृत्त राजदूतांना व्याख्यानांसाठी पाठवते. ते योग्यच आहे. परराष्ट्र धोरणाची चर्चा दिल्लीतच अडकून राहता कामा नये. स्थलांतर हा तर या संवादातला हमखास विषय. प्रश्नोत्तरे सुरू झाली की हात वर होतात. अमेरिकेच्या एच-वन बी व्हिसाचे काय होणार? जर्मनीत संधी किती? शिक्षण संपल्यावर किती काळ राहता येईल? मुलांनी हे विचारायलाच हवे. त्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. खटकते ते वेगळेच. या संवादात एक माणूस कधीच नसतो, आणि तो नसल्याची कोणाला चुटपुटही लागत नाही.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा आपला कायदा १९८३चा. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलेले असते. आखाती देश, इराक, लिबिया, मलेशिया अशा १८ देशांत त्याला नोकरीसाठी जायचे तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. कायद्याची रेघ दहावीवर आहे आणि विद्यापीठाचा दरवाजा बारावीनंतर उघडतो. म्हणजे ज्याच्या परदेशी जाण्यावर सरकारची सर्वांत कडक नजर आहे, तो श्रोत्यांत असण्याची शक्यताच नाही. त्याच्याविषयीचे धोरण त्याच्या पाठीमागे चर्चिले जाते. बहुतेकदा तेही नाही.

एकच उदाहरण घ्या. ईसीआर कामगाराला अमुक पगाराच्या खाली परदेशी पाठवायचे नाही, असे किमान दर आपले सरकार देशानुसार आणि कामानुसार ठरवते. गवंडी, सुतार, ड्रायव्हर, घरकामगार, सगळे त्यात आले. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, आखाती देशांसाठीचे हे दर ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले गेले. भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात, दुसऱ्या देशांचे कामगार स्वस्त म्हणून त्या त्यांना मिळू नयेत, हा त्यामागचा युक्तिवाद. तो खोडता येतो, त्याचे समर्थनही करता येते. पण परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे एखाद्या वर्गाला शिकवायचे असेल, तर याहून चांगला धडा सापडणार नाही. मित्रदेशाची मर्जी, शेजाऱ्यांशी स्पर्धा, घरी येणारा पैसा आणि आपल्याच नागरिकाच्या घामाची किंमत, सगळे एका परिपत्रकात होते. त्याचा कस लागला तो कोर्टात. तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. राज्यशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

तो माणूस सभागृहात असता तर त्याने विचारले असते, माझा पासपोर्ट कफील, म्हणजे तिथला पुरस्कर्ता मालक, स्वतःजवळ का ठेवतो आणि आपली वकिलात त्यावर काय करते? नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, असा नियम आहे. मग सब-एजंट मागतो ते पैसे कुठल्या खात्यातले? व्हिजिट व्हिसावर नेऊन तिथे कामाला जुंपले, तर ना करार नोंदला जातो, ना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा लागू होतो. मेलो तर घरच्यांनी कोणाचे दार ठोठावायचे? यातला एकही प्रश्न राजदूताच्या कक्षेबाहेरचा नाही. आखातात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याचे निम्मे दिवस याच कागदांत जातात. तो या अनुभवावर बोलू शकतो, आणि त्याला बोलते करायला हवे. पण त्याला विचारले जाते ते बदलत्या जागतिक व्यवस्थेविषयी.

मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरीत उपपरिसर आहे. रत्नागिरी आणि रायगडमधल्या कित्येक गावांतली घरे आखातातल्या पगारावर उभी राहिली. कुवेत, दोहा, जेद्दा ही नावे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. इतका जाणता श्रोतृवर्ग दिल्लीतल्या कुठल्या सभागृहात मिळणार? पुढचा संवाद तिथे ठेवावा. आखातात काम केलेला राजदूत बोलवावा, परदेशी जाण्याची परवानगी देणाऱ्या मुंबईच्या कार्यालयातला अधिकारी त्याच्या शेजारी बसवावा. आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याने नव्हे, आखातातून परत आलेल्या कामगाराने विचारावा.