गळती मोजता की रोध?

पावसाळ्यात मेगरने केबलचा रोध मोजला की आकडा उन्हाळ्यापेक्षा कितीतरी कमी येतो. लगेच "माल वाईट" असा शेरा बसतो. माझ्या मते तो पुष्कळदा अन्यायाचा असतो.

केबलमध्ये तांब्याची तार, तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि बाहेर धातूचे वेष्टन असते. समजा, आवरणाचा खरा रोध एक लाख कोटी ओहम आहे. ५०० व्होल्टला त्यातून अँपिअरचा जेमतेम दोनशे कोटीवा भाग वाहील. पण कापलेल्या टोकावर बोटांचा घाम व दमट हवेचा थर बसून तेथील वाटेचा रोध हजार कोटी ओहम झाला, तर शंभरपट धारा पृष्ठभागावरूनच पळते. मेगर बिचारा बेरीज दाखवतो. आपण मोजतो घाम!

टोक पुसून कोरडे करावेच. पण दमट हवेत ते कोरडे राहते कुठे? म्हणून दोन्ही टोकांना उघड्या आवरणावर बारीक तारेचा घट्ट वेढा द्यावा व तो मेगरच्या 'गार्ड' या तिसऱ्या अग्राला जोडावा. हे अग्र तांब्याच्या तारेच्याच विभवावर असते. मग त्या दोहोंत धारा वाहणार कशी? वेढ्यापासून वेष्टनाकडे जाणारी गळती मापकाला वळसा घालते. लॉर्ड केल्विन यांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या विद्युत्‌मापीत संरक्षक कडे वापरले होते.

तरीही मी पाहिलेल्या कित्येक प्रयोगशाळांत हे अग्र धूळ खात असते. शिक्षकांनी स्वतः उभे राहून (५०० व्होल्ट आहेत!) गार्डशिवाय व गार्डसह असे दोन्ही आकडे काढून दाखवावेत. नोंदवहीत आर्द्रतेचा रकानाही हवा. तो कोरा असेल, तर मी त्या आकड्याला गुण देणार नाही.