तळ्याच्या काठावर थांबलेला धडा

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे मुलांना ठाऊक असते. वर्गातली गोष्ट बहुधा तिथेच संपते. त्याच दिवशी महाडमधल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांना सवर्णांनी गावात गाठून झोडपले, मग शेण, गोमूत्र, दही-दूध ओतून तळे ‘शुद्ध’ केले, हे क्वचितच सांगितले जाते. गुरांना त्या पाण्याची मुभा होती. विटाळ झाला तो माणसांचा! नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून तळे अस्पृश्यांना खुले केले, १९२७ मध्ये तो ठराव फिरवला. तळ्याचा वाद कोर्टात गेला; हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

मारणारे आपल्यातलेच होते, हे सांगताना शिक्षकाची जीभ अडखळते. समोर दोन्हीकडची पणतवंडे बसलेली असतात. अडचण खरी आहे. पण मग सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे ही नावेही सांगा ना! सवर्ण असून ते बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. पणजोबांचा अपराध मुलांच्या माथी मारायचा नाही, तसा झाकायचाही नाही. आठवी-नववीच्या मुलांना एवढे पेलते. शिक्षण खात्याने महाडचा धडा कोर्टाच्या निकालापर्यंत न्यावा.