बारा व्होल्टचे काम मालकाला करू द्या

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली



माझ्या विजेवरच्या गाडीतल्या ब्लोअरची, म्हणजे एसी आणि हीटरची हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर मी घरी बदलली. काम नीट झाले, घरघर थांबली. मात्र त्यासाठी लागणारी माहिती आणि एक सुटा भाग मिळवताना जे दिसले, त्यावरून आपल्या विभागाकडे एक मागणी करायची आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विषय आपल्याच विभागाने 2022 मध्ये हाती घेतला. जुलैमध्ये समिती नेमली, डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठीचे पोर्टल सुरू केले आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली त्यांत वाहनेही घेतली. म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणी आधीच सांगते. विजेवरच्या गाडीतली बारा व्होल्टची दुरुस्ती गाडीच्या मालकाला आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला खुली करा. तिची माहिती मिळावी, सुटे भाग काउंटरवर मिळावेत, आणि असे काम बाहेर केल्याने मोठ्या बॅटरीची वॉरंटी जाणार नाही हे कंपन्यांनी लिहून द्यावे.

विजेवरच्या गाडीत विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, हे अजून फार लोकांना माहीत नाही. चाके फिरवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची. तिच्या केबल जगभर नारिंगी रंगाच्या असतात, आणि तिथे प्रशिक्षण नसलेल्या माणसाचे काहीही काम नाही. पण दिवे, हॉर्न, वायपर, काचा, दारांची कुलपे आणि हा ब्लोअर, हे सगळे आपल्या आजोबांच्या गाडीत होते तसेच बारा व्होल्टवर चालते. त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी असते. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत एकदिश वीज 60 व्होल्टच्या वर गेली की ती उच्च व्होल्टेज धरतात. रेषा आखलेलीच आहे. ग्राहकाच्या हक्कांच्या बाबतीत ती कोणी वापरत नाही, एवढेच.

ब्लोअरचा आवाज विजेवरच्या गाडीत फार लवकर कानावर येतो. पेट्रोलच्या गाडीत मोटरची कुरकुर इंजिनाच्या आवाजात बुडून जाते. इथे सिग्नलला उभे राहिले की बाकी सगळे शांत आणि डॅशबोर्डमागे तेवढी घरघर चालू. तिचा माग काढणे मात्र सोपे आहे. गाडी उभी असताना पंख्याचा वेग वाढवला की आवाज वाढतो, आणि तोच वेग ठेवून गाडी पळवली तर तो बदलत नाही, म्हणजे दोष चाकांत नाही, ब्लोअरमध्ये आहे. टकटक होत असेल तर बहुधा पिंजऱ्यासारख्या पंख्यात वाळलेले पान किंवा कागदाचा कपटा अडकलेला असतो. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना हे नवे नाही: पुढच्या काचेखालच्या जाळीतून पाने, फुले, धूळ सगळे आत जाते, आणि उंदरांनाही ती जागा आवडते. सकाळी गाडी थंड असताना चिवचिवाट होतो आणि थोड्या वेळाने थांबतो, तेव्हा मोटरचे बुश कोरडे पडलेले असतात. सतत खरखर येऊ लागली आणि पायाखाली थरथर जाणवू लागली, की मोटर बदलायची वेळ आली. अनेक गाड्यांत ही मोटर कार्बन ब्रशची असते. ब्रश जेवढे तास चालतील तेवढे झिजतात, आणि आपल्याकडे हीटर क्वचित लागत असला तरी एसीसाठी हाच पंखा बारा महिने फिरतो.

हे आरामाचे दुखणे समजून सोडून देण्यासारखे नाही. जुलै महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात पावसात गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा, आतून काच धुरकटली की काय होते. एसीची कोरडी हवा काचेवर सोडण्याचा एकच मार्ग असतो, तो हा ब्लोअर. तो मध्येच थांबला तर ओल्या फडक्याने काच पुसत घाट उतरावा लागतो. हिवाळ्यात थंड प्रदेशात तर हीटरचीही मदार त्याच्यावरच. पेट्रोल गाडीला इंजिनाची फुकटची उष्णता मिळते. विजेच्या गाडीत ती बहुधा विजेवर तापणाऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्यांतून मिळवतात. या पट्ट्यांचा गुण असा की त्या तापल्या की त्यांचा विद्युतरोध वाढतो आणि त्या स्वतःच वीज कमी घेऊ लागतात. पण त्यांच्यावरून हवा जायलाच हवी, नाहीतर उष्णता माणसांपर्यंत पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ते किती आवाक्यातले आहे हे आपल्या विभागातल्या अधिकाऱ्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणावे अशी माझी इच्छा आहे. आधी गाडी चार्जरवरून काढायची, बंद करायची, किल्ली लांब ठेवायची. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण चार्जिंग चालू असताना मोठ्या बॅटरीतून छोट्या बॅटरीला वीज जात असते, आणि काही गाड्या नुसत्या उभ्या असतानाही अधूनमधून तसे करतात. मग हातातले घड्याळ, बांगड्या, अंगठी काढून छोट्या बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवायची आणि काही मिनिटे थांबायचे. थांबायचे ते एअरबॅगसाठी. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या खणाच्या वरच असते. तिच्या तारांना आणि जोडण्यांना पिवळा रंग देतात. पिवळ्याला आणि नारिंगीला हात लावायचा नाही, एवढे दोन रंग घरातल्या मुलालाही पाठ करता येतील. त्यानंतर खण काढला की मागे ब्लोअरचे गोल तोंड दिसते. एक प्लग, दोन-चार स्क्रू, आणि मोटर पंख्यासकट खाली हातात येते. आतला कचरा काढायचा, केबिनचा फिल्टर बघायचा, नव्या मोटरचा प्लग, पंख्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुन्याशी जुळवायची. बसवताना स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जात असतात, म्हणून हलक्या हाताने आवळायचे. छोट्या बॅटरीची तार परत जोडून, खण बंद करण्याआधी सगळ्या वेगांवर पंखा फिरवून बघायचा. घरी मिक्सर उघडून साफ करणाऱ्या माणसाला यात अवघड असे काही नाही.

अवघड ते याच्या आधीचे होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले की मोटर एकटी येत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल. त्याची किंमत मोटरच्या कित्येक पट. बाहेर हात लावला तर वॉरंटीचे काही सांगता येणार नाही, असेही ऐकवले गेले. दुरुस्तीची पुस्तिका ग्राहकाला देत नाहीत. मग लोक काय करतात? परदेशातले व्हिडिओ बघतात. तिथे बहुतेक ठिकाणी गाडीचे चालकाचे आसन डावीकडे असते, त्यामुळे डॅशबोर्डमागची मांडणी आपल्या गाडीच्या उलटी असू शकते, आणि कुठल्या मॉडेलमध्ये उच्च व्होल्टेजचा हीटर हवेच्या त्याच डब्यात, ब्लोअरच्या पुढे बसवलेला असतो, हे त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. पुस्तिकेतले एक चित्र ही जागा दाखवू शकते. ते चित्र लपवून कोणाची सुरक्षितता साधली जाते, हे मला खरेच कळलेले नाही.

मला मोटर मिळाली ती पुण्यातल्या नाना पेठेत. माझ्या गाडीचीच पेट्रोलची आवृत्ती रस्त्यावर आहे, आणि तिची मोटर दुकानदाराने जुनी शेजारी ठेवून, प्लग बघून, दोन मिनिटांत काढून दिली. तीच मोटर पेट्रोलच्या गाडीसाठी काउंटरवर विकली जाते आणि कोणाला त्यात धोका दिसत नाही. तीच विजेच्या गाडीत बसली की ती कंपनीच्या कुलपात जाते. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीत आहे. नारिंगी केबलची भीती खरी आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्या भीतीच्या आडोशाने उरलेली सगळी गाडी बंद करण्याची सवय लागते आहे.

यावर देशात काही झालेच नाही, असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 वाहन कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असे आयोगाने मानले. त्या आदेशातले दोन मुद्दे मला मोलाचे वाटतात. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. फार तर बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. आणि सुट्या भागांची माहिती, त्यांच्या किमती, ते काउंटरवर कुठे मिळतील, हे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर उघड ठेवावे. पुढे अपिले झाली, दंडाचा वाद वरच्या पायऱ्या चढत गेला. पण त्या वेळी विजेवरच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर मोजक्याच होत्या, आणि त्या आदेशामागचे तत्त्व या गाड्यांना नेमके कसे लागू करायचे, हे नंतर कोणी सविस्तर लिहिलेले नाही. ते काम आपल्या विभागाचे आहे, असे मला वाटते.

यावर कंपन्यांचे म्हणणे असेल की बारा व्होल्टच्या तारेतूनही आग लागू शकते. खरे आहे, फ्यूज चुकीचा बसवला किंवा तार कशीही जोडली तर लागू शकते. पण हा धोका पेट्रोल गाडीतही तेवढाच आहे, आणि तिथे शंभर वर्षे जग तो सांभाळत आले आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन हा व्यवसायच त्यावर उभा आहे. आयटीआयमध्ये आता विजेवरच्या वाहनांच्या मेकॅनिकचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तो शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना कंपनीच्या दाराबाहेर काम करायला मिळणार नसेल, तर ती मुले फक्त अधिकृत सेंटरांच्या नोकरीवर अवलंबून राहतील. नाना पेठेतली आणि गावोगावची दुकानेही हळूहळू रिकामी होतील.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधते. 2020 च्या आसपास रस्त्यावर आलेल्या विजेच्या गाड्यांची बॅटरीखेरीज इतर भागांची वॉरंटी आता बहुतांश संपली आहे, आणि त्या दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची असते. म्हणजे मोठा भाग कंपनीच्या हमीत आणि लहान भाग मालकाच्या खिशातून, असा हा मधला काळ आहे. नेमक्या याच काळात 'ब्लोअरला हात लावलात तर बॅटरीचे बघा' हे वाक्य सर्वांत जास्त परिणाम करते. दुसरा मालक सहसा कमी पैशांचा असतो. त्याला पूर्ण संच परवडत नाही, आणि मोटर एकटी मिळत नाही.

म्हणून मागणी जरा नेमकी करते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 ने वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, आणि अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. त्या अधिकारात विजेवरच्या वाहनांसाठी सूचना काढाव्यात. 60 व्होल्टच्या खालच्या प्रत्येक भागाची दुरुस्ती पुस्तिका, उच्च व्होल्टेजच्या आणि एअरबॅगच्या जागा दाखवणाऱ्या चित्रासह, दुरुस्तीच्या हक्काच्या आपल्या पोर्टलवर कोणालाही बघता यावी. ब्लोअरची मोटर, तिचा पंखा, तिचा वेगनियंत्रक हे सुटे मिळावेत. संचच घ्या, ही सक्ती नको. वॉरंटीच्या कागदावर 2014 च्या आदेशातले तत्त्व साध्या शब्दांत छापलेले असावे. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-सुलभतेचा जो निर्देशांक विभाग तयार करतो आहे, त्यात पुढच्या टप्प्यात गाड्या घ्याव्यात, म्हणजे विकत घेण्याआधीच कळेल की कोणत्या गाडीचा ब्लोअर खण काढून हाती येतो आणि कोणत्या गाडीचा पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ही तफावत कारखान्यात आखणी होतानाच ठरते, आणि ग्राहकाला ती कित्येक वर्षांनी समजते.

मी हे पुण्यातून लिहिते आहे. 1974 मध्ये याच शहरात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि जवळच चाकणला आज गाड्यांचे कारखाने आहेत. ग्राहकाचा हक्क आणि गाडीची दुरुस्ती, दोन्ही विषय इथल्या लोकांना घरचे आहेत. मसुदा तयार झाला की हरकती आणि सूचना इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही मागवाव्यात, आणि मुदत किमान दोन महिन्यांची द्यावी. गॅरेजमध्ये दिवसभर राबणाऱ्या मेकॅनिकला लिहायला रविवारच मिळतो, आणि या विषयातले सर्वांत उपयोगी म्हणणे त्याच्याकडे आहे.

आपली,
विजेवरच्या गाडीची एक मालक, पुणे