म्हणे 'त्या मानाने'!

"पहिलाच सिनेमा आहे हो, त्या मानाने फारच छान केलाय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या मानाने म्हणजे नक्की कुठल्या मानाने? आपण तिकीट काढून सिनेमा बघायला जातो राव, बालवाडीच्या गॅदरिंगला नाही. याच वाक्याचा जुळा भाऊ म्हणजे "पहिल्याच चेंडूवर षटकार!" परीक्षणं लिहिणाऱ्यांचं हे भारी लाडकं. एकात ग्रेस मार्क, दुसऱ्यात चमत्कार. गृहीतक मात्र एकच, की या माणसाने काल सकाळी दात घासले आणि मग आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याला हात लावला.

साफ चूक.

आम्हा आयटीवाल्यांत तर ख्रिस्तोफर नोलनची कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात. 'फॉलोइंग', १९९८. सगळे नोकरीवाले, शूटिंग फक्त सुट्टीच्या दिवशी, खर्च साधारण सहा हजार डॉलर. बघा, आपणही एखाद्या वीकेंडला मनावर घेतलं तर.. वगैरे वगैरे. पोथीतून एक अध्याय मात्र गायब असतो. कॉलेजच्या फिल्म सोसायटीपासून नोलन शॉर्ट फिल्म करतच होता. आणि रीळ महाग, म्हणून त्याने कलाकारांकडून नाटकासारख्या तालमी करून घेतल्या, म्हणजे एक-दोन टेकमध्ये काम व्हावं. वीकेंडला झालं ते फक्त शूटिंग!

सत्यजित राय तर याच कथेतले थोरले. 'पथेर पांचाली' १९५५ सालचा. जाहिरात कंपनीतला एक चित्रकार उठला आणि थेट जागतिक दर्जाचा सिनेमा करून बसला, असं आपल्याला वाटतं. पण त्याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं त्यांनी चाळिशीच्या दशकात काढली होती. १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी सुरू केली. रेनॉ 'द रिव्हर'साठी बंगालात आला तेव्हा त्याच्याबरोबर जागा शोधत हिंडले. पुढे लंडनला काही महिने होते, तिथे सिनेमांचा फडशा पाडला. १९५२ साली काशफुलांच्या शेतात शूटिंग सुरू झालं. राय पुढच्या रविवारी परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली! फुलं पुन्हा यायला वर्ष लागणार, तोवर थांबणं आलं. पैसे संपले, बायकोचे दागिने गहाण पडले, काम महिनोन्‌महिने बंद होतं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, तेही रस्तेसुधारणेच्या खात्यातून. आता सांगा, यात 'पहिला प्रयत्न' कुठून कुठपर्यंत मोजायचा?

आपल्या घरचं उदाहरण घेऊ. 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसला दाखवला गेला तेव्हा चैतन्य ताम्हाणे २७ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्या आजच्या वयाचा. (हो, जळतं थोडं.) पदार्पणाच्या सिनेमाचा सिंह मिळाला, ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट सिनेमाही तोच ठरला. पण त्याआधी त्याने नाटक लिहून बसवलं होतं, 'सिक्स स्ट्रँड्स' ही शॉर्ट फिल्म केली होती. ते 'कोर्ट'मध्ये दिसतंच की! कॅमेरा लांब, स्थिर, कशाचीही घाई नाही. सरकारी वकील बाई दिवसभर लोकशाहीराच्या विरोधात कलमं वाचते आणि मग लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. त्या नाटकात प्रेक्षक कशाला टाळ्या वाजवतात ते बघा. सगळा खटला तिथे आहे. आणि शेवट! न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, खोलीतले दिवे मालवतात, पडदा काळाठिक्कर. नवशिका इथेच 'समाप्त' टाकून मोकळा झाला असता. हा गडी आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला घेऊन जातो. हे नवशिक्याचं नशीब नव्हे, हा कमावलेला हात आहे. 'फँड्री'मध्ये राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर मात्र निसटतं, तो प्रसंगही तसाच. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' त्याआधी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन बसला होता. आपण बघितला नव्हता, एवढंच.

आता मुद्द्याचं. ताम्हाणेला 'कोर्ट' लिहिता यावा म्हणून विवेक गोम्बर त्याला दरमहा १५ हजार रुपये देत होता. (सिनेमातला बचावपक्षाचा वकील, निर्माताही तोच.) माझ्या मते 'कोर्ट'च्या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे १५ हजार. आमच्याकडे फ्रेशर येतो, कित्येक महिने बेंचवर बसतो, ट्रेनिंग घेतो, महिनाअखेर पगार खात्यात. नंतर त्याने कोड बरा लिहिला तर कोणी 'दैवी देणगी' म्हणत नाही. सिनेमावाल्याच्या याच काळाला आपण 'स्ट्रगल' असं गोंडस नाव देतो आणि घरभाडं त्याचं त्याने बघावं म्हणतो. चमत्कार म्हटलं की ही वर्षं हिशोबातून गायब! मग ती काढणं फक्त त्यालाच परवडतं ज्याच्या बापाकडे पैसा आहे किंवा ज्याला एखादा गोम्बर भेटलाय. बाकीचे आमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून टेस्ट केसेस लिहितात.

कोणी म्हणेल, ऑर्सन वेल्सचं काय? पंचविशीत 'सिटिझन केन'! अहो, तोवर त्याने रंगभूमी आणि रेडिओ दोन्ही गाजवले होते आणि शेजारी कॅमेऱ्यामागे ग्रेग टोलंड उभा होता. पुढचा प्रश्न?

आणि चमत्कार ताबडतोब दिसला नाही की आपण काय करतो, तेही बघून घ्या. चार्ल्स लॉटन, अव्वल नट, कित्येक वर्षं रंगभूमीवर आणि पडद्यावर काढलेली. १९५५ साली त्याने 'द नाइट ऑफ द हंटर' दिग्दर्शित केला. सिनेमा आपटला. आज जगातल्या उत्तम सिनेमांच्या याद्यांत तो हमखास असतो. लॉटन १९६२ साली गेला. दुसरा सिनेमा त्याने दिग्दर्शित केलाच नाही.