पुरलेली टाकी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील स्टर्लिंग येथे १६ फेब्रुवारी २०२४ रोजी एक राहते घर स्फोटाने जमीनदोस्त झाले. आवारात पुरलेल्या ५०० गॅलनांच्या टाकीतून प्रोपेन गळत होता. वर्दी मिळताच धावून आलेल्या अग्निशामक दलातील एक जवान प्राणास मुकला; अनेकजण जखमी झाले. नळाचा गॅस न पोचलेल्या अमेरिकन वस्त्यांत अशा टाक्या सर्रास आढळतात. टाकी जमिनीखाली गेली की अंगण शोभिवंत दिसते. पण नजरेआड झालेला धोका टळलाच, असे मानण्याची प्रवृत्तीही त्याबरोबर बळावते.

वास्तविक पुरलेली टाकी उघड्यावरील टाकीहून अधिक दक्षता मागते. ओल्या मातीत पोलाद गंजते, म्हणून तिच्यावर अखंड लेप हवा आणि तिला मॅग्नेशियमचे ठोकळे तारेने जोडलेले हवेत. टाकीऐवजी ते झिजतात. लेपावर एक ओरखडा राहिला, वा भरावात टोकदार दगड गेला, की गंज नेमका तेथेच घर करतो. द्रवरूप प्रोपेन पाण्याच्या निम्म्याच वजनाचा. भूजल वर चढणाऱ्या जागी टाकी तळाशी जखडली नाही तर तीच वर उचलली जाते व नळ्या निखळतात. टाकी इमारतीपासून किमान १० फूट दूर असावी, असा तेथील संहितेचा दंडक आहे. तो योग्यच होय. परंतु हवेहून दीडपट जड असा हा वायू मातीतून सरकत तळघर गाठू शकतो आणि त्यात मुद्दाम मिसळलेला दर्प वाटेत माती शोषून घेऊ शकते. मग नाकावर विसंबणाऱ्यास इशारा कोठून मिळणार?

लेप, जोडणी व भराव निरखण्याची खरी वेळ एकच, ती म्हणजे खड्डा उघडा असतानाची. त्रयस्थ निरीक्षकाने पाहिल्यावाचून त्यावर माती पडता कामा नये; बसविणाऱ्यानेच आपल्या कामास पसंती देणे पुरेसे नव्हे. खर्च वाढेल, दुर्गम भागात निरीक्षक मिळणार नाही, हे आक्षेप अगदीच खोटे नाहीत. तथापि पुरलेली टाकी पुन्हा उकरून पाहण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक आहे.

नळ्यांचा नकाशाही तितकाच आवश्यक. मेन राज्यातील फार्मिंग्टन येथे सप्टेंबर २०१९ मध्ये एका संस्थेच्या इमारतीलगत खांब रोवताना भूमिगत गॅसनळी तुटली. त्यानंतरच्या स्फोटातही अग्निशामक दलाचाच एक अधिकारी बळी पडला. टाकी व नळ्या कोठे पुरल्या आहेत हे दाखविणारा कागद घराच्या खरेदीखताबरोबर नव्या मालकाच्या हाती पडावा, एवढी तरतूद करावयास कोणत्याही राज्याला फारसे अवघड जाऊ नये.