‘पानी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने

मी स्कॉटलंडचा. पुण्यात राहून मला पन्नासाहून अधिक वर्षे झाली, तरी ओळख करून देताना हे वाक्य अजून म्हणावेच लागते. ते म्हटले की समोरचे गृहस्थ बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतात. कंजूष माणसाचा एखादा विनोद सांगतात, नाहीतर डोळे मिचकावून पेल्याची खूण करतात. दोन्ही मी हसून सोसतो. तिसरी एक गोष्ट मात्र मला सोसत नाही. “तुम्ही परदेशी असून किती शुद्ध मराठी बोलता! नाहीतर आमची माणसे पाहा!” असे म्हणून कोणी माझ्या पाठीवर थाप मारली, की ती गालावर बसल्यासारखी वाटते. का वाटते, ते आज एकदा स्पष्ट सांगून टाकावे म्हणतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई बीड जिल्ह्यातल्या. त्यांची मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळा सुटली की ती आमच्याकडे येई आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून गृहपाठ करी. एकदा तिने मला विचारले, “आजोबा, पानी देऊ का?” मी चष्मा सारखा करून म्हणालो, “पानी नव्हे बाळ, पाणी.” तिने माझ्याकडे एकवार पाहिले, पेला ठेवला आणि ती आत गेली. पुढे दोन-तीन महिने ती माझ्याशी बोलली ती होय-नाहीपुरतीच. जिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीखेरीज दुसरी भाषा नाही, तिला मराठी कसे बोलावे हे फाइफ परगण्यातल्या एका खाणकामगाराच्या पोराने शिकवावे! आणि त्याहून वाईट हे, की आत भांडी घासणारी तिची आई माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, “असंच टोकत जावा तिला, आजोबा. आमच्यावानी ऱ्हायला नको.”

हेच वाक्य, ह्याच स्वरात, मी जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी माझ्या आईच्या तोंडून ऐकले होते.

शाळेत मास्तरांनी मला काहीतरी विचारले आणि मी ‘ऐ’ म्हणालो. आमच्या भाषेत ‘ऐ’ म्हणजे होय. मास्तरांना ‘येस’ हवे होते. मग हात पुढे करावा लागला आणि त्यावर चामड्याचा पट्टा बसला. ह्या टोकाला चिरलेल्या पट्ट्याला आमच्याकडे ‘टॉज’ म्हणत. आमच्याच परगण्यातल्या लॉखगेली गावचे पट्टे साऱ्या स्कॉटलंडात नावाजलेले होते! सरकारी शाळांतून हा पट्टा १९८७ साली गेला. माझ्या हातावरचा वळ आठवडाभराने गेला. पण त्या संध्याकाळी आई मास्तरांना भेटली आणि म्हणाली, “असेच मारा त्याला. आमच्यासारखा राहायला नको.” तिचे ते बोलणे मात्र मनातून गेले नाही.

आम्ही घरी जे बोलत होतो ते बिघडलेले इंग्रजी, असे मला शाळेत शिकवले गेले. ते खोटे होते. त्या भाषेचे नाव स्कॉट्स. डोंगराळ मुलखात आणि बेटांवर बोलली जाणारी गेलिक निराळी. तिचे कूळ वेगळे आणि तिची कथाही वेगळी. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण आहे, मोलकरीण नव्हे. मुलाला आम्ही ‘बेर्न’ म्हणतो, देवळाला ‘किर्क’, रडण्याला ‘ग्रीट’. आभाळ भरून आलेले, पाऊस धड पडत नाही आणि थांबतही नाही, अशा कळकट दिवसाला ‘ड्रीख’ म्हणतो. इंग्रज घराला ‘हाउस’ म्हणतो, आम्ही ‘हूस’. ह्या ‘हूस’बद्दल मी कितीदा हसे करून घेतले असेल! पुढे विद्यापीठात कळले की मध्ययुगात इंग्रजही ‘हूस’च म्हणत असे. उच्चार बदलला तो त्याने. आम्ही जुनाच राखला, आणि गावंढळ मात्र आम्ही ठरलो.

विद्यापीठातून पहिल्या सुटीत घरी आलो तो साहेबी बोलणे घेऊनच. जेवताना वडील ‘आय केन’ म्हणाले, म्हणजे ‘मला ठाऊक आहे’. मी म्हणालो, “आय नो, असे म्हणावे.” वडील काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी डॉक्टरांशी बोलावे तसे, शब्द तोलून, टोपी हातात धरल्यासारखे बोलू लागले. खाणीतल्या सोबत्यांशी मोठ्याने हसणारा हा माणूस स्वतःच्या मुलापुढे शब्द चाचपू लागला. ते मरेपर्यंत हा संकोच गेला नाही. परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला आणि घरात एक बाप हरवला. हा हिशेब मला फार उशिरा समजला.

आमच्याकडे गुत्त्यात बसलेली मंडळी सांगतात की आमची भाषा इंग्रजांनी मारली. स्कॉट्सपुरते तरी मला हे मान्य नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत स्कॉट्स ही राजदरबाराची भाषा होती, आमच्या पार्लमेंटचे कायदे तिच्यात लिहिले जात होते. गॅव्हिन डग्लसने १५१३ साली व्हर्जिलचे सबंध महाकाव्य तिच्यात आणले. मग १६०३ साली आमचा राजा सहावा जेम्स लंडनच्या गादीवर बसला आणि दरबार त्याच्यामागून गेला. धर्मसुधारणेनंतर बायबल घरोघर गेले ते इंग्रजीतून. १७०७ साली पार्लमेंटही गेले. इथपर्यंत राजकारण झाले. त्यापुढचे काम आमच्या विद्वानांनी स्वखुशीने केले. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने १७५२ साली टाळावयाच्या स्कॉट शब्दप्रयोगांची यादी छापली. १७७९ साली जेम्स बीटी ह्या प्राध्यापकाने दुसरी काढली. १७६१ साली टॉमस शेरिडन नावाचा एक आयरिश माणूस एडिंबरोच्या सभ्य गृहस्थांना इंग्रजी बोलण्याचे धडे देऊ लागला, आणि शेकडो गृहस्थ पैसे मोजून ते ऐकावयास बसले! वरच्या वर्गाने भाषा अशी आधी स्वतः टाकली आणि मग ज्यांनी ती टाकली नाही त्यांना अडाणी म्हटले. १८७२ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली तेव्हा हा तुच्छताभाव पट्ट्यासकट खेडोपाडी पोहोचला.

तुम्ही १८३५ च्या टिपणाबद्दल मॅकॉलेला शिव्या घालता. घाला, मीही घालतो. पण त्याचा बाप इन्व्हरेरीचा आणि आजोबा हॅरिस बेटावरून आलेले पाद्री, हेही ध्यानात घ्या. ते मुळात गेलिक मुलखातले घराणे. ज्या कुळाने आपली भाषा मागे टाकली, त्याचाच नातू तुमच्या देशी भाषांना दरिद्री आणि ओबडधोबड म्हणावयास इकडे आला. स्वतःच्या आजीच्या बोलण्याची लाज वाटणारा माणूस दुसऱ्याच्या आजीला मान देईल, ही आशा व्यर्थ आहे.

कोणी म्हणेल, तुमच्या बर्न्सला तर सारे जग डोक्यावर घेते! घेते ना. त्याचा पहिला संग्रह १७८६ साली निघाला, आणि दर वर्षी २५ जानेवारीला आम्ही त्याच्या नावाने मेजवानी झोडतो, त्याच्या स्कॉट्स कविता गहिवरून म्हणतो. मात्र २६ तारखेला एखाद्या मुलाने वर्गात तीच भाषा काढली की त्याला गप्प करत आलो. हा ढोंगीपणा केवळ आमचाच असता तर मी त्यासाठी तुमचा वेळ घेतला नसता. पण बहिणाबाई चौधरींच्या कविता तुम्ही पाठ्यपुस्तकात घालता, त्यांवर रसग्रहणे लिहवून घेता, आणि त्याच वर्गात त्यांच्याच मुलखातली मुलगी त्यांच्यासारखे बोलली तर सारा वर्ग हसतो. बोली कवितेत गोड आणि तोंडात अशुद्ध, हा कोणता न्याय?

आता ‘पानी’कडे येतो. मराठी ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आली असे तुम्ही अभिमानाने सांगता, तिच्यात बहुतेक प्रत्येक ‘न’चा ‘ण’ होई. त्या कसोटीला तुमचे-आमचे प्रमाण मराठीही पदोपदी नापास होईल. तेव्हा जुनेपणाची साक्ष इथे काढू नका. हिंदी चित्रपटातला नायक ‘पानी’ म्हणतो तेव्हा कोणी नाक मुरडत नाही, ती हिंदी ठरते. तोच शब्द बीडची बाई उच्चारते तेव्हा ते अज्ञान ठरते! उच्चार तोच, शब्द तोच, अर्थही तोच. मग वेगळे काय आहे? बोलणाऱ्याची जात, गाव आणि पगार. शुद्धाशुद्धाच्या नावाखाली आपण मोजतो ते हेच. छापील मराठी ठरली ती मुख्यतः पुण्याच्या शास्त्रीमंडळींच्या बोलीवरून, आणि ती ठरवण्यात परके साहेबही होते. १८२९ साली मुंबईस आलेले आमचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी तर मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयी विवेचन जोडले. त्या कामाची थोरवी मी नाकारीत नाही, तो कोश आजही माझ्या उशाशी असतो. पण प्रमाण भाषा आकाशातून पडली नाही, माणसांनी ठरवली, एवढे तरी मान्य कराल की नाही?

ह्यावर नेहमीचा आक्षेप येतो: मग काय प्रमाण भाषाच नको? प्रत्येकाने वाटेल तसे लिहावे? मी असे कोठे म्हटले? कायदा, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र ह्यांना एक समाईक भाषा लागते. मी हा लेख त्याच भाषेत लिहितो आहे. ती मुलीला यावी आणि उत्तम यावी. परंतु हमरस्ता बांधावयाचा म्हणून प्रत्येकाच्या अंगणातली पायवाट नांगरावी लागत नाही. “तू घरी पानी म्हणतेस, पुस्तकात पाणी लिहितात,” असे सांगणारा शिक्षक मुलाला एकाच्या जागी दोन शब्द देतो. “पानी नव्हे, पाणी” असे म्हणणारा एक देतो, एक काढून घेतो, आणि वर त्याच्या आईला अडाणी ठरवतो.

दुसरा मुद्दा अधिक कडू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या सोसायटीत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. पेढे वाटणाऱ्यांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी अंक वाचता येत नाहीत, ह्याचे तिथे कोणाला वैषम्य दिसले नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या बाईंवर मात्र ह्याच घरांतून हसू ऐकू येते. एडिंबरोच्या सभ्य गृहस्थांनी नेमके हेच केले होते. शुद्धतेचे पहारेकरीच पहिल्यांदा वाडा सोडून गेले. उद्या तुमच्या शहरांतून मराठी ओसरली तर ती कोणाच्या तोंडी उरेल? ज्यांना आज तुम्ही टोकता त्यांच्याच. आणि तोपर्यंत त्यांनाही तिची लाज वाटावयास तुम्ही शिकवले असेल.

आमच्याकडे आता उशिरा जाग आली आहे. स्कॉट्स येते का, हे जनगणनेत २०११ साली पहिल्यांदा विचारले, तेव्हा सुमारे पंधरा लाख लोकांनी ‘बोलता येते’ म्हणून सांगितले. २०२२ सालीही आकडा जवळपास तेवढाच होता. २०२५ साली एडिंबरोच्या पार्लमेंटने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स ह्यांना अधिकृत दर्जा दिला. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण कायदा माझ्या वडिलांना पुन्हा माझ्याशी मोकळे बोलावयास लावू शकत नाही. सेंट अँड्र्यूजचे ग्रीकचे प्राध्यापक लॉरिमर ह्यांनी ‘नवा करार’ ग्रीकमधून स्कॉट्समध्ये आणला आणि तो त्यांच्या मागे १९८३ साली छापला गेला. त्याच्या परिशिष्टात एक गंमत आहे. येशूला मोहात पाडणारा सैतान तिथे शुद्ध इंग्रजी बोलतो! माझ्या आईने ते वाचले असते तर ती आधी घाबरली असती आणि मग पोट धरून हसली असती.

त्या मुलीशी माझा समेट झाला तो असा. एके दिवशी मी तिला माझ्या मास्तरांची आणि पट्ट्याची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “लई लागलं का?” मी म्हणालो, “लई.” तिने मला दुरुस्त केले नाही. ती आता सातवीत आहे. पुस्तकी मराठी माझ्याहून चांगले लिहिते आणि आईशी बीडचे बोलते. तिने ह्यातले एकही सोडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या खेपेस मी भेटलो तर माझ्या शुद्ध मराठीबद्दल मला शाबासकी देऊ नका. ती मी पुस्तकांतून शिकलो, त्यात पुरुषार्थ तो काय? द्यावयाचीच असेल तर जिच्या घरी मराठी पुस्तकाशिवाय इतकी शतके जगली, त्या बाईंना द्या. आणि निदान त्यांच्या मुलीला पाणी मागताना दोनदा विचार करावा लागू नये, एवढे पाहा.